कोरड्या वावरातला चिखल

ती घटना आजही माझ्या मनातून गेलेली नाही. निजामाचं राज्य होतं आणि मी औरंगाबाद जिल्ह्यात अमीन, म्हणजे पोलीस ठाण्याचा अंमलदार होतो. लेणी पाहायला येणाऱ्या एका बड्या पाहुण्याचं विमान उतरावं म्हणून फर्दापूरच्या बाजूला एका शेतकऱ्याची उभी ज्वारी कापून सरकारनं वावर सपाट करून घेतलं होतं. आधी जागा पाहायला वैमानिक एकटाच लहान विमान घेऊन आला. विमान टेकलं, थोडं धावलं, गर्रकन फिरलं आणि नाकावर उभं राहिलं. वैमानिकाचा हात मोडला.

दुसऱ्याच दिवशी खबर मिळाली. तो शेतकरी बाजारात बोलला होता, "उतरू दे इमान, परत कसं जातंय ते बघतो." वरून मोहतमीम साहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांचा, हुकूम आला की हा घातपात आहे, गुन्हेगार हजर करा. मी त्याला कोठडीत घातलं.

दोन दिवस तो गप्प होता. तिसऱ्या दिवशी मी दम दिला की बोलला नाहीस तर घरातल्या बाईमाणसाला ठाण्यावर आणीन. तो लगेच म्हणाला, "म्याच केलं साहेब. खड्डा खणला." जबाब लिहून अंगठा घेतला आणि मी खुशीत चहा मागवला.

पण पंचनाम्यात खड्डा कुठंच नव्हता. माणूस गुन्हा नाकारताना खोटं बोलतो, हे रोजचंच. कबूल करताना खोटं बोलला तर अंमलदारानं उठून जागेवर जावं. मी गेलो. महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, तरी विमानाच्या पुढच्या दोन चाकांपैकी डाव्या चाकाला काळ्या मातीचा वाळलेला चिखल थापला होता. उजव्याला नुसती धूळ. बांधाकडे जमिनीला भेगा पडलेला एक पट्टा होता, ओल सुकल्यावर पडतात तशा. डावं चाक तिथल्या ओल्या मातीत रुतलं म्हणूनच विमान फिरलं होतं.

त्याच्या घरी गेलो. बायको दारात उभी होती. पाणी कुणी टाकलं म्हणून विचारलं, तर तिनं काही लपवलं नाही.

"म्याच सडा टाकला, साहेब. पाव्हणा पहिल्यांदा आपल्या वावरात येणार. धूळ उडंल म्हणून लई घागरी वतल्या. चुकलं का माझं?"

ज्याच्यासाठी ज्वारी गेली, त्याच्याचसाठी ही बाई विहिरीवरून पाणी वाहत होती. आणि नवऱ्याला सगळं कळलं होतं, म्हणूनच त्यानं खड्डा स्वतःच्या माथी घेतला होता.

वैमानिकाचा जबाब दवाखान्यात घेतला. या विमानाला तिसरं लहान चाक शेपटीखाली असतं, त्यामुळं जमिनीवर नाक वर राहतं आणि समोरचं दिसत नाही, असं त्यानं समजावलं. मी त्याला सड्याचं सांगितलं. मग त्यानं जबाबात लिहायला सांगितलं की वरून काळा पट्टा दिसला होता, मी सावली समजलो, चूक माझी.

मोहतमीम साहेब नाराज झाले, पण घातपाताचा गुन्हा टिकला नाही.

कबुली हातात पडली की ती कुणासाठी दिली हे आधी पाहावं, असं मी पुढं हाताखालच्यांना सांगत आलो. सुटताना त्या माणसानं मला वाकून रामराम केला आणि म्हणाला, "मालकिणीला ठाण्यात आणलं नाय, उपकार झाले." माफी मागायची होती ती मला. ती मी मागितली नाही.