चौथी ओटी

"ओटी भरणं चालू असताना संबळ थांबवायचा नसतो," असं कडुबा गोंधळी एकदा म्हणाला होता, आणि तेव्हा त्याला त्या वाक्याचा अभिमान होता.

पैठणच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर त्याचं गाव. नदी महादेवाच्या तिसऱ्या पायरीला लागली की बाया वाजतगाजत जाऊन तिची ओटी भरायच्या. मग ती मागं सरते, असं जुनी माणसं सांगत. त्या सप्टेंबरात पाणी तसंच चढलं. सात बाया निघाल्या आणि पुढं कडुबाचा संबळ. चौथी ओटी चालू असताना, दोन ठोक्यांमधल्या फटीतून, त्याच्या कानावर ग्रामपंचायतीचा भोंगा आला. वरच्या धरणातून पाणी सुटल्याची ती खूण होती. तीनच तर राहिल्यात, उरकू द्यावं, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं हात उलट जोरात चालवला. बायांना दुसरं काही ऐकूच आलं नाही. शेवटची मालनबाई होती. पाण्यानं तिला ताटासकट नेलं.

भोंगा नदीकडच्या टोकाला आणि वाराही नदीकडं, त्यामुळं गावातही तो कुणी ऐकला नव्हता. तो वाजलाच नाही, असं गावानं ठरवून टाकलं. हातानं भोंगा फिरवणारा पंचायतीचा शिपाई निजामुद्दीन शपथा घेऊन थकला. पारावर त्याला कुणी सरकून जागा देईना.

कडुबानं मात्र पुराचं गाणं रचलं. 'भोंगा मुका राहिला गं, माय माझी वाहिली.' गाणं मोबाइलवर फिरलं. पूरग्रस्तांसाठी मदत गोळा करायला त्याला शहरात बोलावू लागले. लोक नेमके त्याच ओळीला रडायचे. मग त्याला घरी जेवण जायचं नाही.

मालनबाईचं वर्षश्राद्ध लेकीनं, सोनियानं, शहरात, हर्सूलच्या आपल्या घरी घातलं. भजनाऐवजी तिला तेच गाणं हवं होतं. निजामुद्दीन न बोलावता आला आणि दाराशी बसला.

"काय चाचा," सोनियाचा मामा धोंडिबा म्हणाला, "आज तरी कंठ फुटला व्हय भोंग्याला?"

दोघंतिघं हसले. निजामुद्दीननं त्याच्याकडं पाहिलंच नाही. "कडुबा, तू तर पाण्यापाशी व्हतास. खुदा के वास्ते सांग, तुला बी नाय आला आवाज?"

कडुबा संबळाची दोरी आवळत राहिला.

"ऱ्हाऊ द्या चाचा," सोनिया म्हणाली. "काका, म्हणा तुम्ही. आईच्या कानात शेवटी तुमचाच संबळ व्हता, तेवढंच बरं वाटतं मला."

त्यानं गाणं धरलं. ती ओळ जवळ आली. साध्या बोलण्यात हे सांगायला त्यानं वर्षभर किती वेळा तोंड उघडलं होतं! हात चालूच होता; त्याच्या आडोशानं शब्द निघाले:

"भोंगा रडत राहिला गं, हात माझा थांबंना,
ऐकलं म्या, ऐकलं म्या, तरी हात थांबंना."

"काय म्हणलास?" धोंडिबा गुडघ्यांवर उठला. "पुन्हा म्हण!"

सोनियाचा आवाज अगदी बारीक आला. "काका, तुम्ही ऐकला व्हता?"

संबळ बंद पडला. निजामुद्दीननं रुमाल तोंडाला लावला. त्याचे खांदे हलत होते. कडुबा उठला. कुणाच्याच डोळ्याला डोळा न देता दाराशी आला. निजामुद्दीननं पाय आखडून वाट दिली. त्याला ओलांडून कडुबा बाहेर पडला.