फिरतं दुखनं

माह्या छातीत काईच दुखत नव्हतं, म्हनून मी दवाखान्यात गेली.

आता तुमी म्हनसान, बुढीचं डोकं फिरलं. फिरलं नाई. आमच्या घरात दुखलं का मानूस दवाखान्यापरेंत पोचतच नाई, हे मी पाह्यलं. माहे दोन दीर असेच गेले. थोरले कापलेल्या सोयाबीनच्या सुडीपाशी उभ्या उभ्या, मधले भाकरीचा घास तोंडात घेऊन. आदल्या दिवशी दोघायलेई काईच नव्हतं. रायले आमचे हे, धाकटे. हे दुपारी ओट्यावर निजले तरी मी येऊन येऊन पोट हाल्ते का ते पाहो!

सुनील, आमचा पोरगा, वाशीमाहून आयकून आला. "मा, एक मशीन हाय. काळजाचा फोटो काढते. काळजाच्या नळ्यायमंदी चुना धरला का, ते दुखाच्या आधीच दिसते."

"बोरच्या तोटीले धरते तसा?"

"तस्साच. बाबाले घेऊन जाऊ."

बाबा तमाखू मळून राह्यले होते. "दुखत नाई त कायले दाखवाचं? बैल लंगडला नाई, अन् तू नाल ठोकाले चालला?"

"लंगडल्यावर ठोकून काय फायदा?" मी म्हनलं.

"मंग तू जाय!"

बस! मले रस्ता दिसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातातलं सूप खाली टाकलं, छातीले हात लावला अन् "माय वो!" करून भिंतीले टेकली. हे धावत आले. घाबरले त लय, पन नजर शेतकऱ्याची ना!

"अवं सुनीलची माय, काळीज त डाव्या बाजूले रायते. तू उजवीकडं काहून धरून बसली?"

झाली का पंचाईत! मी डोये मिटूनच म्हनलं, "दुखनं फिरून राह्यलं."

फिरतं दुखनं म्हनल्यावर बुढा पांढरा पडला. पायात एक चप्पल आपली, एक सुनीलची, तसाच मले मेडशीच्या स्टँडवर घेऊन आला. यष्टीत चाळीस वर्सांत पहिल्यांदा मले खिडकी देल्ली! मालेगावले गाडी थांबली त संत्रं सोलून, बिया काढून माह्या हातावर ठेवलं. मी संत्रं हातातच धरून बसली. वाटलं, सांगून टाकावं. मंग इचार केला, आता सांगतलं त हा मानूस इथूनच वापस फिरते. खाल्लं गुपचूप. (दुसरंबी खाल्लं.)

वाशीमच्या दवाखान्यात सुनीलनं आमच्या आधी येऊन दोघायचीबी नावं लावून ठेवली होती. हे फक्त मले मालूम. मशीनवाली पोरगी आली. "आजी, कानातलं, गळ्यातलं सगळं काढा. फोटोत येतं."

कानातलं काढलं. गळ्यातली पोत कशी काढू? "नवरा जिता समोर बसला, अन् मी गळा मोकळा करू? दोन मिनिटंबी नाई!"

"आजी, मशीनला नवरा कळत नाही हो!"

बाकावरची एक बाई म्हने, "हळकुंड बांधा ना! पोत तुटली का आपन बांधतोच."

हे उठले अन् बजारात पयाले. आले ते पिशवीभर हळद घेऊन! "एक हळकुंड देत नाई म्हने दुकानदार." दोरा सुनीलच्या पिशवीचा काढला. ह्यायनं माह्या गळ्यात हळकुंड बांधलं, अन् बाकावरच्या बायकायनं टाळ्या वाजवल्या! आता काढलेली पोत ठेवाची कुठं? ह्यायच्या खिशाले भोक. म्हनून ह्यायनं ती थेट आपल्याच गळ्यात घातली. धोतर, टोपी अन् मंगळसूत्र!

मशीन म्हंजे बैलगाडीचं चाक उभं करून चुना मारल्यावानी. छातीले वायरी चिटकवल्या. "श्वास रोखा." रोखला. "सोडा." त मी भेवानं सोडेच ना!

मी बाहीर आली, अन् पोरगी ह्यायच्यापुढं जाऊन उभी रायली. "आजोबा, आता तुमचा नंबर. गळ्यातलं काढा."

"माहा कायचा नंबर? दुखते त हिले!"

"मले काईच दुखत नाई," मी म्हनलं. "तुमाले आनाचं होतं."

"म्हंजे थे उजवी बाजू?"

"खोटी."

"अन् फिरनं?"

"तेबी खोटं."

"अन् मी पोहरादेवीले नवसाचा नारळ बोलून बसलो!" बुढा लाल झाला अन् पोत गळ्यात तशीच घेऊन दरवाज्याकडं निंघाला.

मी आडवी उभी रायली. "दोन मिनिटं गळा मोकळा ठेवाले मी नाई म्हनलं. तुमी तुमच्या भावायसारखे गेले त जलमभर मोकळा रायते. मंग कोन्तं हळकुंड बांधू?"

हे दरवाज्यातून वापस फिरले. पोत काढून माह्या हातात देल्ली अन् आत गेले.

मंग डॉक्टरनं आमाले बलावलं. "आजोबा, तुमच्या नळ्या साफ आहेत. चुना नाही." बुढ्याचा हात मिशीवर गेला. "पण तंबाखू सोडायची." हात खाली आला. "आजी, तुमच्या नळ्यांमध्ये मात्र थोडा चुना धरलाय."

"माह्या? कागद बदलले असतीन! चुना त हे खातेत तमाखूत!"

"खाल्लेला चुना तिथं जात नाही, आजी. घाबरू नका, वेळेवर कळलंय. गोळी चुकवू नका, मीठ कमी करा अन् रोज चाला."

सुनील तोंड फिरवून हासून राह्यला होता. म्हातारा हासला नाई. जिन्यावरून उतरतानी माहा हात धरला, तो यष्टीत बसल्यावरबी सोडला नाई. खिडकी माहीच. मेडशी जवळ आली तवा हळूच म्हने, "नाटक येवढं चांगलं केलं तुनं, का मशीनलेबी खरं वाटलं!"

पोहरादेवीले एकाच्या जागी दोन नारळ फोडले. तमाखू गेली, तिच्या डबीत आता माह्या गोळ्या रायतेत. वर्सभराची हळद झाली. अन् रोज पाह्यटी हा बुढा मले शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं चालवते. मांगच्या खेपेले डॉक्टर म्हने, लय चांगलं चाललं हाय. पन कंटाळा त येतेच ना! मंग आंब्याखाली मी छातीले हात लावून बसाले पाह्यतो.

हे कंबरेवर हात ठेवून इचारतेत, "कोन्या बाजूले?"

अन् मी मेली, अजूनबी उजवीकडंच धरतो!