बावीस वर्षं न घेतलेलं नाव

जिपारगुल माझी शेजारीण. नारिन शहरातल्या आमच्या गल्लीत ती सून होऊन आली त्याला तेव्हा बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिनं सासऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आमच्याकडे सुना काढतच नाहीत. सासरा बाल्ताबाय. नावात कुऱ्हाडीचा शब्द, म्हणून ती कुऱ्हाडीलासुद्धा 'ते तोडायचं' म्हणायची. पुढे सासरा गेला, नवराही गेला. उरल्या ती आणि नजर गेलेली सासू, बुरूल आपा. म्हातारी तिला 'बालाम' म्हणे, म्हणजे माझं लेकरू. फाटकात पाऊल वाजलं की ओळखे.

जिपारगुल घरोघरी ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघराच्या कार्यालयात होती. बाहेरच्या चोरांना तिथल्या संगणकांत शिरू न देणारी एक करडी पेटी कपाटात बसवलेली. पेटीवर खाती दोनच: एक साहेबाचं, म्हणजे एरमेकचं, दुसरं हिचं. रोज सकाळी आत जायचं आणि कुणी घुसायला बघितलं त्याची यादी काढायची. दोघींचं घर या कामावर चालत होतं.

हिवाळ्याच्या तोंडाला एरमेकनं नियम लावले. पासवर्ड निदान बारा अक्षरांचा. त्यात आकडा हवा, चिन्ह हवं. दर महिन्याला नवा. घरच्यांचं नाव नको. कागदावर लिहायचा नाही. तीनदा चुकला की खातं बंद, आणि उघडायचं तर जुना पासवर्ड दोन साक्षीदारांसमोर मोठ्यानं सांगायचा.

जे नाव आपल्या तोंडून कधी फुटणारच नाही, ते कुणाला कळणार कसं? जिपारगुलनं तेच ठेवलं. बोटांनी लिहायला बंदी नव्हती.

त्या सोमवारी कळफलक रशियन अक्षरांवर राहिला होता. पडद्यावर नुसते ठिपके. तीनदा चुकलं. खातं बंद.

साक्षीदार म्हणून रोखपाल बाई आणि तिथेच कामाला असलेला माझा नवरा कुबात, असे दोघं बोलावले गेले.

"सांगा, एजे," एरमेक म्हणाला. एजे म्हणजे ताई.

"लिहून देते."

"लिहायचा नाही. नियम आहे."

"मग तुझ्या पडद्यावर टाइप करते."

"खातं बंद आहे, कुठे टाइप करणार? बारापर्यंत उघडलं नाही तर जागा रिकामी धरतो. माझ्या मेहुणीनं अर्ज दिलाच आहे."

"एरमेक, तूही इथलाच. तुझ्या आईनं कधी घेतलं होतं का रे नाव?"

"अच्छा, नाव आहे होय!" तो खुर्चीत मागे रेलून हसला. "काय कुबातदादा, कुणाचं असेल?"

कुबातही हसला. घरी येऊन त्यानंच मला सांगितलं, आणि सांगतानाही हसत होता.

बाराला पाच कमी असताना जिपारगुलनं रुमाल कपाळावर ओढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बाल्ताबाय. पुढे एकोणीसशे एकेचाळीस. मग उद्गारचिन्ह."

"मोठ्यानं. रोखपाल बाईंना ऐकू नाही आलं."

ती पुन्हा म्हणाली.

एरमेकनं खातं उघडलं, पासवर्ड ताडून पाहिला. बरोबर होता. मग नियमांचा कागद पुढे सरकवून त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. "घरच्यांचं नाव नको. सही तुमचीच आहे ना? खातं रद्द."

"मग बोलायला का लावलंस?"

"मला काय माहीत तुम्ही काय ठेवलंय ते? न बोलताच कळणार होतं का?"

पुढच्या सोमवारी मेहुणी रुजू झाली.

नाव घेतलं त्या दिवशी जिपारगुल बाजारातून मैदा घेऊन उशिरा परतली. तोवर कुबातनं हा किस्सा दुकानासमोर चारचौघांत रंगवून सांगितला होता, आणि दुकानदारीण म्हातारीपाशी जाऊन आली होती. मी दिवसभर घरात होते. तिच्याआधी जाऊन म्हातारीला खरं काय ते सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

फाटक वाजलं. जिपारगुलनं बूट काढले, चहा केला, वाटी सासूच्या हाताशी ठेवली. म्हातारीनं वाटी चाचपली, दूर सारली आणि दाराकडे तोंड करून विचारलं, "कोण आलंय?"

"मी, आपा."

"मी कोण?"

याला तीन वर्षं झाली. जिपारगुल आता लोकांकडे लोकर धुवायला जाते. रोज संध्याकाळी फाटक वाजतं, आणि भिंतीपलीकडून मला म्हातारीचा आवाज ऐकू येतो, "कोण आलंय?"