कधी मिळंल, ताई?

सुलाबाईला उघड्या गटाराची किळस नव्हती, मेलेल्या उंदराचीही नव्हती. २००६ साली तिला किळस यायला लागली ती पोपटी रंगाच्या, गुळगुळीत अंगाच्या नव्या ड्रिल मशीनची. रविवार कारंजाजवळ हातगाडीवर, कंगवे आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्यांच्या शेजारी ही मशिनं मांडलेली असत. साडेसातशेला एक. गॅरंटी विचारली की गाडीवाला हसून म्हणे, "चालंल तवर चालंल." यात हसण्यासारखं काय आहे हे सुलाबाईला कधी कळलं नाही.

सातपूरच्या एका मोटरच्या कारखान्यात ती अकरा वर्षं कॉइल भरायची. १९९३ साली कारखान्याने बायका कमी केल्या, तेव्हा रडत न बसता तिने अशोकनगरात पत्र्याची टपरी टाकली आणि पाटी लावली: येथे आर्मेचर भरून मिळेल. ड्रिलच्या पोटात जो गाभा गरगर फिरतो तो म्हणजे आर्मेचर. जळालं की जुनी तार उपसायची आणि एकेक वेढा मोजत नवी तांब्याची तार भरायची. लोक यायचे, टपरीत डोकावून पुरुष शोधायचे आणि मग मुकाट्याने मशीन तिच्याच हातात द्यायचे.

सिन्नरकडून येऊन सातपुरात स्थायिक झालेला फकिरा सुतार तिचं पहिलं गिऱ्हाईक. त्याने टपरीच्या आदल्या वर्षी ड्रिल घेतलं होतं, सव्वातीन हजारांना. तेव्हा त्याची रोजी होती सत्तर रुपये. बरं, पैसे मोजूनही मशीन हातात पडेल तर शपथ. मेनरोडच्या दुकानदाराने आगाऊ रक्कम घेऊन त्याला चार महिने झुलवलं. फकिरा दर शनिवारी सायकल हाणत जायचा आणि विचारायचा, "कधी मिळंल?" शेवटी मिळालं, तेव्हा बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घरी आणलं. खंडेनवमीला त्याला झेंडू वाहिला. सख्खा भाऊ मागायला आला, त्यालाही दिलं नाही.

ते मशीन तेरा वर्षांत चारदा जळालं आणि चारही वेळा सुलाबाईनेच भरलं. बाकीचे कारागीर तार पांढऱ्या दोऱ्याने बांधत, ती लाल दोऱ्याने बांधून दोन गाठी मारी. ती तिची सही होती. फकिरा मशीन टेबलावर ठेवायचा आणि उंबऱ्यातच ठाण मांडायचा.

"कधी मिळंल, ताई?"

"परवा."

"उद्या नाय का व्हणार? काम खोळंबलंय."

सुलाबाई करवादायची, पण आतून सुखावायची. आपल्या हातच्या कामाची कोणी अशी वाट बघतंय, हे तिला कारखान्यात कधी मिळालं नव्हतं.

मग हातगाड्या आल्या आणि उंबरा ओस पडला. भरायला चारशे आणि नवं साडेसातशे, एवढं ऐकवून लोक चालते होत. एके दिवशी ती जळकी तार विकायला भंगारवाल्याकडे गेली. तिथल्या ढिगात तिला लाल दोरा दिसला. दोन गाठी. दोनच महिन्यांपूर्वी भरलेलं फकिराचं आर्मेचर. जळालेलं नाही, काळवंडलेलंही नाही. तांब्याला भाव आला होता म्हणून चालतं मशीन फोडून विकलं होतं. सुलाबाईने ते आर्मेचर वजनावर विकत घेतलं आणि आपल्या टेबलावर आणून ठेवलं.

आठवड्याने फकिरा आला. पिशवीत पोपटी मशीन, जळका वास मारत होतं.

"जुनं का विकलंत, फकिराभाऊ?"

"दीडशे दिले त्यानं. लय जड बी व्हतं ते, हात भरून यायचा."

बोलण्यात खोट नव्हती, म्हणून तिला जास्तच चीड आली. तिने मशीन उघडलं आणि तार चाकूने खरवडली. तांबूस रंग निघून आला, खाली पांढरीफटक अ‍ॅल्युमिनियमची तार.

"शी," ती म्हणाली. "रंग फासलाय."

फकिराने मान हलवली. त्याची नजर टेबलावरच्या आर्मेचरकडे गेली. त्याने ओळखलं.

"हे आपलं लाल दोऱ्याचं बसंल का याच्यात?"

"नाही बसत."

"मग ऱ्हाऊ द्या. कारंजावरनं दुसरं घिऊन जातो. आत्ता मिळतं." तो उठला. आता वळेल आणि विचारेल म्हणून ती थांबली. तो मोटारसायकलच्या किल्ल्या चाचपत होता. शेवटी तिनेच विचारलं, "फकिराभाऊ, हे न्यायला कधी येणार?"

"ते? टाकून द्या, ताई."

गाडी निघून गेली. सुलाबाई ते पोपटी मशीन हातात धरून उभी राहिली. ते कुठे टाकायचं हेच तिला सुचेना. तेरा वर्षांत तिच्या टपरीत टाकायची वस्तू कोणी आणलीच नव्हती.