मायला वाचून दाखवलेला सिनेमा

मायला मारामारीचे सिनेमे आवडतात, हे मला तिच्या सत्तरीत कळलं. तपासण्यांसाठी ती निलंग्याजवळच्या गावाहून नांदेडला माझ्याकडे येऊन राहिली होती. मालिकांचा तिला कंटाळा. "नुसत्या डोळे वटारून राहिल्या बाया. एक तर हाणा, न्हाईतर गप बसा," असं तिचं म्हणणं.

त्या रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मुलगी लातूरला शिकवणीसाठी राहते, बायको तिला भेटायला गेली होती. मी टीव्हीवर एक चिनी सिनेमा लावला. डोंगरातला विहार, मुंडण केलेले भिक्खू, त्यांच्या काठ्या. पहिल्याच दृश्यात बुद्धाची मोठी मूर्ती दिसली तशी मायनं पदर सावरून हात जोडले. पुढच्या क्षणी त्याच मूर्तीसमोर एका भिक्खूनं तिघांना लाथेनं उडवलं. मायचे हात जोडलेलेच राहिले.

"भंतेजी असून असं मारतेत व्हय?"

"तिकडं शिकवतात त्यांना, माय."

"आपल्या विहारातल्या भंतेजीला जिना चढताना दम लागतोय," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

बोलणं चिनी, खाली इंग्रजी ओळी. मायला अक्षरओळख नाही, म्हणून मी एकेक ओळ मराठीत करून मोठ्यानं सांगत होतो. हे काम माझ्या जुन्या सवयीचं. दुसरीत गेल्यापासून एसटीच्या पाट्या, रेशनचे कागद, हैदराबादच्या मामाची पत्रं मीच तिला वाचून दाखवायचो. पत्र वाचताना ती ओळीखाली बोट धरायची. माझा आवाज पुढं गेला की बोट पुढं जायचं.

त्या दुपारी मात्र तिच्या गाठीचा रिपोर्ट माझ्या ऑफिसच्या बॅगेत होता, आणि बॅग कपाटात. बुधवारी आणला होता. कॅन्सर आहे, आधी आला असतात तर बरं झालं असतं, अजूनही उपचार होतील पण आता थांबू नका, असं डॉक्टर म्हणाले होते. मायला मी सांगितलं, रिपोर्ट यायचाय. बायकोलाही तेच सांगितलं. रोज सकाळी ठरवायचो, आज बोलू. संध्याकाळी घराचा जिना चढून आलो की मी भाजीचा विषय काढायचो.

तिला धक्का बसू नये म्हणून मी गप्प होतो, असं मी स्वतःला समजावत होतो. ते खरं नव्हतं. उन्हाळ्यात तिनं फोनवर सांगितलं होतं, "काखंत गाठ लागून राहिली रं." मी ऑफिसात होतो, समोर साहेब उभे होते. "गरम पाण्यानं शेक, बघू पुढच्या महिन्यात," म्हणून मी फोन ठेवला. तिनं तीन महिने शेकलं. तिनंही पुन्हा विचारलं नाही, मीही नाही. रिपोर्ट वाचून दाखवायचा म्हणजे ते तीन महिनेही तिच्यासमोर ठेवायचे, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

सिनेमाच्या मध्यावर म्हातारे गुरू खोकत खाली बसले. वैद्यानं नाडी पाहिली, शिष्याला अंगणात नेलं आणि बोलू लागला. खाली दोन भरगच्च ओळी आल्या. छातीतला मार आत पसरलाय, औषध लगेच सुरू केलं नाही तर पुढचा पावसाळा ते बघणार नाहीत.

"काय म्हणतोय वैद्य?"

"आराम करा म्हणतोय."

शिष्य आत गेला आणि गुरूंकडं बघून हसला. माय मात्र पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

"मघापासून बघून राहिले मी. बारकी ओळ आली की तू बारकं बोलतूस, लांब आली की लांब. आता दोन ओळी भरून होत्या. आराम करा म्हणायला एवढं लागतंय व्हय?"

"इंग्रजीत लांबण लावतात, माय."

"आतापस्तोर तर न्हवते लावत. माघारी घे."

मी सिनेमा मागं घेतला. वैद्य पुन्हा अंगणात आला. दोन्ही ओळी मी जशाच्या तशा सांगितल्या.

"अन् ह्या येड्यानं म्हाताऱ्याला सांगितलंच न्हाई?"

"न्हाई."

"का?"

"भ्याला असंल."

"मरायलाय म्हातारा, अन् भ्यायलाय ह्यो?" तिनं कपाटाकडं मान वळवली. "बुधवारी तू आलास ते बॅग कपाटात घातलीस. एरवी खुर्चीवर फेकतूस. जा, आण."

मी सिनेमा थांबवून कागद आणला. तिनं तो गुडघ्यावर ठेवला आणि पहिल्या ओळीखाली बोट धरलं. मी वाचू लागलो. तिचं नाव, वय, गाठ कुठली, केवढी. कॅन्सर हा शब्द आला तेव्हा बोट थांबलं. मीही थांबलो.

"माय, तू उन्हाळ्यातच सांगितलं होतंस. मी त्या वक्ताला..."

"ते हितं लिहिलंय का?"

"न्हाई."

"मग लिहिलंय ते वाच."

बोट पुढं सरकलं. मी गाळलं काहीच नाही. जो शब्द कळला नाही, तो कळत नाही असं सांगितलं. सही करणाऱ्या डॉक्टरच्या नावापाशी मी कागद उचलायला गेलो, तर ती म्हणाली, "अजून हाय की खाली."

खाली प्रयोगशाळेचा पत्ता होता आणि उघडण्याच्या वेळा. तेही वाचलं. रविवारी बंद.

"उद्या सोमवार हाय," ती म्हणाली. "दवाखाना किती वाजता उघडतो?"

"नऊ वाजता."

"साहेबाला आत्ताच फोन कर मग. उद्या येत न्हाई म्हणून सांग."

ती माझ्याकडं बघत होती. मी तिच्यासमोरच फोन लावला.