हिंगूळ लावलेली सायकल

अनंतकाका मेहेंदळ्यांच्या पंचाहत्तरीला गौरवांक काढायचं ठरलं. त्यातला मुख्य लेख माझ्याकडे आला. मी मराठी घेऊन एम.ए. झालो होतो आणि सदाशिव पेठेत त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर खोली घेऊन राहत होतो. आमच्या वयात पन्नास वर्षांचं अंतर. तरी ते माझी ओळख मित्र म्हणून करून देत, आणि मला ते खरं वाटे.

काका विमा कंपनीत कारकून होते. दर रविवारी ते शर्यतीच्या जुन्या सायकलवरून दिवे घाट चढून येत. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. सिग्नलला थांबले की कुणीतरी विचारायचंच, "काका, विकायची आहे का?"

"ती हलकी आहे हो. तुम्ही नाही."

लेखासाठी मी सायकलचं मूळ शोधू लागलो. पुढच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला काढलेला होता. सांगाड्यावर नंतर कधीतरी निळा रंग दिलेला. काका म्हणाले, कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना देऊन गेला.

"साहेबाचं नाव?"

"साहेब. तेवढं पुरायचं तेव्हा."

एकदा हँडलवरची कापडी पट्टी फाटली म्हणून मी ती बदलायला घेतली. जुनी पट्टी सोडली तर खाली हँडलच्या दोन्ही टोकांना लाल रंग. जाड, बोटांनी लावल्यासारखा. काका म्हणाले, कारखान्यात गंजू नये म्हणून लावतात. मी फोटो काढून ठेवले. जुन्या सायकली जमवणाऱ्या दोघांना दाखवले. असा रंग कुठल्याच कारखान्याने लावलेला त्यांना माहीत नव्हता.

काकांच्या बोलण्यात संपत तुपे हे नाव नेहमी यायचं. मांजरीचा दूधवाला. पहाटे दुधाच्या किटल्या लावून पेठेत यायचा आणि दुपारी घाटात सगळ्यांना मागे टाकायचा. राज्याच्या संघासाठी पुण्यातून एकच जण निवडायचा होता. चाचणीच्या आदल्या रात्री संपतची सायकल चोरीला गेली. तो पुन्हा शर्यतीत उतरला नाही.

"महिनाभर त्याच्याबरोबर मी पुणं पालथं घातलं," काका सांगायचे. "जुना बाजार, स्वारगेट, सगळे सायकलस्टँड. नाही सापडली." हे सांगताना ते चष्मा काढून पुसायचे.

लेखातला सगळ्यात चांगला परिच्छेद हाच होता. संपतराव काही वर्षांपूर्वी वारले होते. त्यांच्या घरी एखादा फोटो मिळेल म्हणून मी काकांना न सांगता मांजरीला गेलो. सत्काराच्या दिवशी त्यांना तो द्यायचा होता.

दुर्गाबाई, म्हणजे संपतरावांच्या पत्नी, ओट्यावर लसूण सोलत होत्या. अनंतकाकांचं नाव सांगताच चहा आला.

"अनंतभावजींनी लई जीव लावला आमच्या मालकांना," त्या म्हणाल्या. "बरे हायेत ना?"

मी मोबाईलवर काकांचे आणि सायकलचे फोटो दाखवू लागलो. हँडलच्या फोटोवर त्यांनी माझा हात धरला.

"ह्यो हिंगूळ हाय."

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. सासऱ्यांनी बैल विकून संपतला सायकल घेऊन दिली होती. म्हणून पोळ्याला सासूबाई म्हणाल्या, बैलाच्या जागी आलीय, तिलाबी पूजा. बैलाच्या शिंगांना लावतात तो हिंगूळ सायकलच्या हँडलला लावला. गोंडे बांधले. पुरणपोळीचा घास पुढच्या चाकाला टेकवला.

"मीच लावला. नवी नवरी व्हते. मालक वरडले, शर्यतीत लोक हसतील. मग त्यांनीच वरनं पट्टी गुंडाळली." त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. "ही कुणाकडं हाय म्हणालात?"

मी मोबाईल खिशात ठेवला. त्यांनी लसणाची परडी बाजूला ठेवली.

मग त्यांनी मला माहीत नसलेला भाग सांगितला. सायकल गोठ्यात असायची. गोठ्यात थोरले दीर, नागोराव, झोपायचे. बैल विकण्याला त्यांचाच विरोध होता. त्या रात्री ते उसाला पाणी द्यायला गेले होते. तसं त्यांनी सांगितलं, पण संपतने विश्वास ठेवला नाही. तूच विकलीस म्हणाला. दोघांची हातघाई झाली. नागोराव बायकोला घेऊन सासवडच्या पुढे सासुरवाडीला गेले, ते तिथेच राहिले. भाऊ भावाशी पुन्हा बोलला नाही. संपत गेला तेव्हा नागोरावांना कुणी कळवलंसुद्धा नाही.

"चोराला कशाला बोलवायचं, असं मीच म्हणाले," दुर्गाबाई म्हणाल्या. "मला सायकल नगं. पर थोरले भावजी जित्ते हायेत. त्या माणसानं त्यांच्यापुढं जाऊन सोताच्या तोंडानं बोलावं."

मी संध्याकाळी काकांकडे गेलो. ते पेपर वाचत होते. मी एवढंच म्हणालो, "हँडलला हिंगूळ आहे, काका."

त्यांनी पेपराची घडी घातली. नीट, कडेला कड लावून.

"मांजरीला गेला होतास."

"हो."

"आगाऊपणा आहे हा."

मग ते बोलू लागले. संपत असेपर्यंत आपला नंबर लागणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी ते तुप्यांकडेच जेवले होते. नागोराव रात्री शेतावर जाणार, हे त्या पंगतीतच कळलं. "एका दिवसापुरती आणून लपवली. चाचणी झाली की परत ठेवणार होतो."

"मग?"

"मग मी चाचणीत मागून तिसरा आलो. आणि परत ठेवायला गेलो, तर घरात डोकी फुटलेली."

"तेव्हा तर द्यायलाच हवी होती."

"तुला काय जातंय बोलायला?"

"आणि तुम्ही महिनाभर त्यांच्याबरोबर शोधत फिरलात."

"मग काय करायला हवं होतं? घरी बसायचं? संशय आला असता."

ते अगदी सहज म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना याचं दुसरं उत्तर लागलं नसावं.

शेवटी त्यांनी यायचं कबूल केलं. रविवारी स्वारगेटहून आम्ही सासवडच्या गाडीने जायचं. दुर्गाबाई मांजरीहून येणार. नागोरावांना काका स्वतः सांगणार. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो राहू दिला. माणूस उशिरा का होईना सरळ होतो, असं मला वाटलं.

रविवारी दुर्गाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. काका आले नाहीत. फोन बंद. तीन गाड्या सोडल्यावर मी त्यांच्या घरी फोन लावला. वासंतीकाकूंनी घेतला.

"ते शनिवार पेठेत गेलेत. जुन्या सायकलींचं प्रदर्शन आहे ना तिथे. सायकल देऊन टाकली त्यांनी. कायमची."

"देऊन टाकली?"

"पाटी लावणार आहेत म्हणे. 'कै. संपत तुपे यांच्या स्मरणार्थ, अनंत मेहेंदळे यांजकडून.'" काकू थांबल्या. "सलिल, मी लग्न होऊन आले तेव्हापासून ती सायकल माळ्यावर पोत्यात होती. विचारायचं नाही, असं मला सांगितलं होतं. संपतराव गेले आणि मग ती खाली आली. तू विचारलंस का रे?"

मी दुर्गाबाईंना पाटीबद्दल सांगितलं. पुढची गाडी लागली तेव्हा त्याच आधी चढल्या.

नागोराव अंगणात खाटेवर बसले होते. डोळ्यांनी कमी दिसत होतं. दुर्गाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पायांवर डोकं ठेवलं, आणि त्यांना बोलणं जमेना. म्हणून मी सांगितलं. कुणी नेली, कुठे ठेवली, का ठेवली. माझे शब्द मलाच उसने वाटत होते. ते दुसऱ्या कुणीतरी बोलायचे होते.

नागोरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"संपतला कळलं व्हतं का?"

"न्हाई, भावजी," दुर्गाबाई म्हणाल्या.

त्यांनी माझ्या दिशेला तोंड केलं.

"अनंता मंजी पेठेतला? गोरा, चष्मेवाला?"

"हो."

"त्यो हितं आला व्हता. म्या हितं राह्यला आलो, त्याच साली. म्हणला, दादा, इकली असंल तर मला सांगा, मी संपतची समजूत घालतो. लई गोड बोलला." त्यांनी खाटेची सुटलेली दोरी बोटांनी चाचपली. "दुपार व्हती. उपाशी कसा धाडायचा म्हणून म्या त्याला जेवाय घातलं."