न दुखणारा कान

सुरक्षितता ही नियमावली नसून संस्कृती असते, असं आमचा बॉस श्टेफान फार गंभीरपणे सांगतो. म्युनिकच्या एका गाड्यांच्या कंपनीत ही संस्कृती सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे मी शिकल्यासवरलेल्या माणसांना टोपी घाला म्हणून सांगते.

त्या सकाळी मंदारचा व्हिडिओ कॉल आला. मंदार मूळचा सांगलीचा, ब्रेक टेस्टिंगमधला इंजिनिअर. हिवाळ्यात आमच्या गाड्या उत्तर स्वीडनमधल्या गोठलेल्या तळ्यावर चालवून बघतात. तो तिथूनच बोलत होता.

"ताई, कान पांढरा पडलाय, मेणासारखा. पण दुखत नाहीये, त्यामुळे तसं टेन्शन नाही."

टेन्शन त्याचंच होतं. कडाक्याच्या थंडीत कातडी आधी झोंबते, लाल होते, मग पांढरी पडून बधिर होते. याला फ्रॉस्टबाइट म्हणतात. कातडीतलं पाणी गोठू लागलेलं असतं. दुखायचं थांबलं की लोकांना बरं वाटतं आणि ते बाहेरच थांबतात. वेळेत ऊब मिळाली नाही तर कानाचा तुकडा जाऊ शकतो.

"आत्ता कुठे आहेस?"

"गाडीत. ब्लोअरसमोर कान धरलाय, फुल हीटवर. आणि आई दुसऱ्या फोनवर आहे. ती म्हणते, चोळ."

"ब्लोअर बंद कर. बधिर कान भाजला तरी तुला कळणार नाही. चोळू तर अजिबात नकोस. काकूंना स्पीकरवर घे."

काकू आल्या. "अगं, गरम तेल लावून खसाखसा चोळलं की रक्त फिरतं. आम्ही हेच करत आलोय."

"सांगलीत ठीक आहे, काकू. याच्या कातडीत बर्फ झालाय. चोळलं की आतून इजा होते."

"मग काय नुसतं बघत बसायचं?"

"हो."

कुठल्याही आईला याहून अवघड काम सांगता आलं नसतं.

मंदारला तळ्याकाठच्या ऑफिसात जायला सांगितलं. उबदार तळहात कानावर नुसता ठेवायचा. पुन्हा बाहेर पडायचं नाही, कारण उबेला आलेला कान परत गोठला तर जास्त बिघडतो. रंग परतला नाही तर हॉस्पिटल, आणि ते लांब होतं.

तो आत जाऊन कानावर हात ठेवून बसला. वाट बघताना मी विचारलं, "टोपी कुठली होती?"

"कंपनीची. लोगोवाली."

"कानावर येते?"

"नाही. आईने कानटोपी दिलीय, पण ताई, सगळ्या जर्मनांसमोर कानटोपी..."

"मंद्या!" काकू कडाडल्या. "हाताने विणलीय मी ती!"

तेवढ्यात तोच ओरडला. "आई गं! मुंग्या येतायत. नुसती आग होतेय!"

"छान," मी म्हणाले.

"यात छान काय?" काकूंचा आवाज रडवेला झाला होता.

"रक्त परत आलं, काकू."

नंतर तिथल्या डॉक्टरांनी तपासून कान वाचल्याचं सांगितलं. फोड आले, कातडी सोलवटली, पण कान पूर्ण राहिला.

मी श्टेफानला कळवलं. "आपली संस्कृती नेमकी कुठे कमी पडली?" त्याने विचारलं.

"कानाच्या पाळीपाशी. लोगोवाली टोपी तिथवर पोचत नाही."

"आल्झो, म्हणजे तर मग," तो विचार करून म्हणाला, "मार्केटिंगशी बोलावं लागेल."

उत्तरेकडे जाणाऱ्यांना मी आता एवढंच सांगते: दुखायला लागलं तर आत या, दुखायचं थांबलं तर लगेच या.

फोड सुकेपर्यंत मंदारला त्या कानावर हेडसेट लावायला मनाई होती. त्यामुळे श्टेफानचं थंडीवरचं ऑनलाइन ट्रेनिंग त्याने एकाच कानाने ऐकलं. बाकीच्या टीमने तेवढंही ऐकलं नाही.